गाणं कोणी निवडायचं?

नव्या अवयवाची वाट पाहत इस्पितळात दिवस काढणाऱ्यांना आज गाण्याची सोबत मिळते, त्यामागची ही गोष्ट. इस्पितळातल्या संगीताची एक जुनी नोंद सापडते ती थेट ऑपरेशन थिएटरमधली. १९१४ साली पेनसिल्व्हेनियातले सर्जन इव्हान ओ'नील केन यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात लिहिलं, की भूल देण्याआधी रुग्णाचं मन रमावं म्हणून ते फोनोग्राफ लावतात. (याच केनसाहेबांनी १९२१ मध्ये स्वतःचं अपेंडिक्स स्वतःच कापून काढलं. अवलियाच म्हणायचा!)

पुढे महायुद्धांतून परतलेल्या जखमी सैनिकांसाठी वादक इस्पितळांत जाऊ लागले. पण नुसतं वाजवता येऊन भागेना, आजारही कळावा लागे. म्हणून अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये १९४४ साली संगीतोपचाराचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. त्याच राज्यातले मनोविकारतज्ज्ञ आयरा आल्टशुलर यांनी तेव्हाच एक कळीची गोष्ट मांडली: उदास माणसापुढे एकदम आनंदी चाल वाजवायची नाही. त्याच्या मनःस्थितीशी जुळणाऱ्या सुरांपासून निघायचं आणि मग हळूहळू चाल बदलत न्यायची. ‘अमुक आजारावर अमुक राग’ या आपल्याकडच्या तक्त्यांपेक्षा मला हे जास्त पटतं.

अवयवांसाठीची रांग मात्र बरीच नंतरची. १९५४ मध्ये बोस्टनला मूत्रपिंडाचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण झालं ते जुळ्या भावांत, दाता घरचाच. शरीराने परका अवयव नाकारू नये म्हणून देतात त्या सायक्लोस्पोरिन या औषधाला १९८३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, परका अवयव शरीरात टिकू लागला आणि मागणी वाढली. १९८४ च्या कायद्याने अवयवाची वाट पाहणाऱ्यांची देशभराची एकच यादी आली. १९९४ पासून हृदयाला हातभार लावणारे पंप मिळाले आणि नवं हृदय येईपर्यंत माणूस तग धरू लागला. हे दिवस काढायचे कसे, हा प्रश्न तिथून पुढचा.

मिनेसोटात मॅडसन आणि सिल्व्हरमन या संशोधकांनी प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांना त्यांच्याच आवडीची गाणी समोर बसून ऐकवली. २०१० साली त्यांनी नोंदवलं, की गाण्यानंतर रुग्णांनी चिंता, वेदना आणि मळमळ कमी झाल्याचं सांगितलं. नवा अवयव मिळायचा आहे त्यांच्याही खोलीत रीत हीच. संगीतोपचार करणारी थेरपिस्ट हात सॅनिटाइझ करून, गिटार पुसून आत येते. श्वासाची गती पाहते, त्याच लयीत छेडायला लागते आणि हळूहळू लय उतरवते. हृदयरुग्णाचं पाणीसुद्धा मोजून दिलेलं असतं, गोळ्यांच्या वेळा नर्सच्या हातात, आणि अवयव मिळाल्याचा फोन कधी येईल ते कुणालाच ठाऊक नाही. अशा माणसाला ती विचारते, ‘आज कुठलं म्हणू?’