आतड्यातल्या बुळबुळीत थराची बांधणी

मोठ्या आतड्यातल्या एका ग्रॅम मळात दहा हजार कोटींच्या घरात जिवाणू असतात. त्यांच्यासमोर आतड्याचे अस्तर मात्र एका पेशीइतक्याच जाडीचे. दोघांच्या मध्ये श्लेष्म्याचा, म्हणजे बुळबुळीत चिकट द्रवाचा थर असतो. त्यात बहुतांश पाणीच. तरीही जिवाणू अडतात ते उरलेल्या थोड्याशा ऐवजामुळे, म्हणजे पेशींनी स्रवलेल्या प्रथिनांमुळे.

या थराला बराच काळ निव्वळ वंगण समजले गेले. त्यात दोष नमुने टिकवण्याच्या पद्धतीचाही होता. नेहमीच्या पाणीदार फॉर्मॅलिनमध्ये आतड्याचा तुकडा टाकला की हा थर आक्रसतो नाहीतर धुऊन जातो आणि सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणू थेट पेशींना टेकलेले दिसतात. ६० टक्के मिथेनॉल, ३० टक्के क्लोरोफॉर्म आणि १० टक्के ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड अशा पाण्याविना केलेल्या द्रावणात तुकडा ठेवला, तर थर टिकतो. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठाच्या गटाने २००८ साली उंदरांच्या मोठ्या आतड्यात याच तऱ्हेने दोन थर दाखवले. बाहेरचा सैल आणि जिवाणूंनी भरलेला, आतला घट्ट, पेशींना चिकटलेला आणि जवळपास जिवाणूमुक्त. हा आतला थर उंदरात सुमारे ५० मायक्रोमीटर जाड असतो, माणसात २०० च्या आसपास.

दोन्ही थरांचा सांगाडा एकाच प्रथिनाचा, म्यूक-२ चा. अस्तरातल्या श्लेष्मा स्रवणाऱ्या गॉब्लेट पेशी ते तयार करतात. पाच हजारांहून जास्त अमिनो आम्लांची (प्रथिनाच्या घटकांची) ही साखळी आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीतल्या प्रथिने घडवणाऱ्या जाळीत, घडी घालून घेते आणि तिथेच दोन-दोन रेणू शेपटीकडून जोडले जातात. पुढे गॉल्गी संकुलात, म्हणजे प्रथिनांवर शेवटचा हात फिरवणाऱ्या भागात, मधल्या भागावर शर्करेच्या इतक्या साखळ्या चढतात, की रेणूच्या वजनाचा सुमारे ८० टक्के भाग शर्करेचाच होतो. मग डोक्याकडचे जोड लागून जाळे पुरे होते. साठवणीच्या पिशवीत कॅल्शियम आणि आम्लता त्याला आवळून धरतात. बाहेर पडल्यावर बायकार्बोनेट ते कॅल्शियम ओढून घेते आणि पाण्यात टाकलेल्या सब्जासारखे जाळे फुगते, शंभर ते हजारपट. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात बायकार्बोनेट कमी पडते. जाळे नीट उलगडत नाही, श्लेष्मा घट्ट राहतो आणि काही नवजात बाळांचे आतडे पहिल्याच मळाने तुंबते.

बिघाड त्याआधीही होतो. म्यूक-२ मध्ये सिस्टीन हे एकमेकांना जोडले जाणारे अमिनो आम्ल भरपूर, म्हणून चुकीचे जोड लागण्याची शक्यताही भरपूर. एकाच अमिनो आम्लाच्या बदलामुळे घडी बिघडलेल्या उंदरांमध्ये प्रथिन पेशीतच साचते, थर विरळ होतो आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याच्या आजारासारखी सूज येते.

म्यूक-२ बरोबर इतरही प्रथिने स्रवतात. झेडजी-१६ हे प्रथिन ग्रॅम-पॉझिटिव्ह (जाड भित्तिकेच्या) जिवाणूंच्या भित्तिकेला चिकटून त्यांचे पुंजके करते. पुंजका जाळ्यात शिरू शकत नाही. सीएलसीए-१ हे कात्रीचे काम करणारे प्रथिन. ते जुने धागे कापते आणि आतला थर सैल होत बाहेर सरकतो. लहान आतड्यात रेग-३-गॅमा हे प्रथिन जिवाणू मारून पेशींजवळची जागा मोकळी ठेवते. उंदराच्या मोठ्या आतड्यात आतला थर सुमारे तासाभरात नवा होतो. त्यामुळे ‘आतड्याला चिकटलेला जुना चिकटा’ काढून देणाऱ्या चूर्णांच्या जाहिराती वाचताना, ते नक्की काय काढणार, असा प्रश्न पडतो.

बाहेरच्या थरातले काही जिवाणू म्यूक-२ वरची शर्करा खातात. एरवी यात गैर काही नाही, कारण अन्नातला चोथाही (न पचणारा तंतुमय भाग) त्यांना मिळत असतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माणसाच्या आतड्यातले जिवाणू दिलेल्या उंदरांचा चोथा बंद केला, तेव्हा हे जिवाणू थराकडे वळले. थर पातळ झाला आणि सिट्रोबॅक्टर हा रोगकारक जिवाणू पेशींपर्यंत सहज पोहोचला. माणसावर हा निष्कर्ष जसाच्या तसा लादता येणार नाही, पण भाकरी-उसळीच्या बाजूने तो बोलतो हे खरे.

अमिबाची तऱ्हा निराळी. एन्टामिबा हिस्टोलिटिका आधी म्यूक-२ च्या शर्करेलाच धरून राहतो. संसर्ग झालेल्या दहापैकी नऊ जणांना काही जाणवत नाही. पण त्याची सिस्टीन प्रोटिएज, म्हणजे प्रथिने कापणारी विकरे, म्यूक-२ ला शेपटीजवळ कापू शकतात, जिथे शर्करेचे कवच नाही. तो जोड तुटला की जाळे विरघळते, अमिबा पेशींना भिडतो आणि शौचातून रक्तमिश्रित आव (श्लेष्मा) पडू लागते. तपासणीसाठी नमुन्यातला नेमका आव-रक्ताचा भाग घ्यायचा असतो आणि पातळ शौच अर्ध्या तासाच्या आत सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे असते. उशीर झाला तर अमिबाची हालचाल थांबते आणि तो पांढऱ्या पेशींपासून वेगळा ओळखणे कठीण होते.