दृढीकरण, लुथरन
बालपणी झालेला बाप्तिस्मा पौगंडावस्थेत मंडळीसमोर स्वतःचा म्हणून स्वीकारण्याचा विधी आणि त्याच दिवशी होणारा कौटुंबिक सोहळा. मराठी ख्रिस्ती वापरात ‘कन्फर्मेशन’ हाही शब्द रूढ आहे. या नोंदीत मुख्यतः नॉर्वेतील प्रथेचा विचार केला आहे.

उगम : रोमन कॅथलिक पंथात दृढीकरण सात संस्कारांपैकी एक आहे. लुथरन पंथाचा प्रवर्तक, जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर याने १५२० मध्ये त्याचे संस्कारपद नाकारले. मात्र मुलांच्या धर्मशिक्षणाचा आग्रह धरून १५२९ मध्ये ‘लहान कॅटेकिझम’ ही प्रश्नोत्तररूप धर्मपुस्तिका रचली. प्रॉटेस्टंट विधीचा आरंभ सामान्यतः मार्टिन बुत्सर या धर्मसुधारकाने जर्मनीतील हेसे प्रांतासाठी तयार केलेल्या त्सीगेनहाइन येथील शिस्तनियमांपासून मानतात. त्यांची रचना १५३८ च्या अखेरची, मुद्रण बहुधा १५३९ चे. तान्ह्या मुलाला श्रद्धा कशी असेल, हा पुनर्बाप्तिस्मावाद्यांचा, म्हणजे बाप्तिस्मा प्रौढपणीच द्यावा असे मानणाऱ्यांचा, आक्षेप तेव्हा जोरात होता. बाप्तिस्मा न बदलता त्याला उत्तर देण्याची सोय या विधीने झाली. काही अभ्यासक श्रेय डच विद्वान इरॅस्मसला देतात. मुलांनी वयात आल्यावर बाप्तिस्म्याची वचने जाहीरपणे पुन्हा उच्चारावीत, असे त्याने १५२२ मध्ये सुचवले होते. बोहेमियातील (आजच्या चेक प्रदेशातील) बंधुसंघ या ख्रिस्ती पंथातही शिक्षणानंतरचा असा विधी आधीपासून होता. तथापि शिकवण, जाहीर कबुली, डोक्यावर हात ठेवणे व प्रभुभोजनात (भाकरी व द्राक्षरसाच्या विधीत) प्रवेश ही चारही अंगे त्सीगेनहाइन नियमांत स्पष्टपणे एकत्र येतात; म्हणून पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. विधीचा खरा प्रसार सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पेनर हा जर्मन पाळक व वैयक्तिक भक्तीवर भर देणारे त्याचे भक्तिवादी अनुयायी यांच्यामुळे झाला.

सक्तीचा काळ : डेन्मार्क-नॉर्वेचा राजा सहावा क्रिस्तियान याने १३ जानेवारी १७३६ च्या हुकुमाने दृढीकरण सक्तीचे केले. त्यावाचून लग्न करता येत नसे. १७३७ मध्ये निघालेल्या डॅनिश धर्मशास्त्रज्ञ पोन्टोपिडानच्या, ल्यूथरच्या कॅटेकिझमवरील स्पष्टीकरणग्रंथात ७५९ प्रश्नोत्तरे होती आणि ती मुलांना पाठ करावी लागत. वाचता आल्याशिवाय हे जमणे कठीण, म्हणून १७३९ च्या शाळाविषयक हुकुमाचा या सक्तीशी जवळचा संबंध आहे. परीक्षेच्या वेळी मुलांना चर्चच्या फरशीवर क्रमाने उभे करीत. तत्त्वतः क्रम ज्ञानाचा. व्यवहारात मोठ्या शेतकऱ्याचे मूल पुढे आणि कुळाचे मागे, असेही घडे. सक्ती सुमारे १९११-१२ मध्ये गेली. १९५१ पासून धर्मनिरपेक्ष पर्यायही उपलब्ध आहे. तरीही विधी टिकला, याचे कारण चर्चइतकेच घरच्या जेवणाच्या टेबलात शोधावे लागते.

विधी : मूल ज्या वर्षी पंधरा वर्षांचे होते त्या वर्षी, बहुधा मे किंवा सप्टेंबरमध्ये, विधी होतो. त्याआधी काही महिने वर्ग चालतात. बाप्तिस्मा झालेला नसल्यास तो आधी देतात. सर्व मुले एकसारखा पांढरा झगा घालतात. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर रुळलेल्या या झग्याने कपड्यांमधली चढाओढ निदान चर्चमध्ये तरी थांबवली. पाळक नाव घेऊन डोक्यावर हात ठेवतो व प्रार्थना करतो.

घरचा सोहळा : झग्याखाली मुली बहुधा बुनाड, म्हणजे त्या त्या प्रदेशाचा लोकरी, भरतकाम केलेला पोशाख घालतात. तो आजीने भरला असेल तर त्याचे मोल वेगळेच. भरतकामाला कित्येक महिने लागतात, म्हणून सुरुवात आधीच्या वर्षी करावी लागते. या वयात अंग झपाट्याने वाढते. शिवणीत व खालच्या पट्टीत कापड राखले नाही, तर आयुष्यभरासाठी केलेला पोशाख दोन वर्षांत आखूड होतो. गळ्याशी लावायची सोल्ये, म्हणजे चांदीची नक्षीदार पिन, बऱ्याचदा आजीकडून नातीकडे येते.

जेवणात थंड पदार्थांचे टेबल किंवा भाजलेले मांस असते, आणि शेवटी क्रान्सेकाके हा बदामी कड्यांचा मनोरा. अठरा कड्यांना ५०० ग्रॅम बदामाची पूड, ५०० ग्रॅम पिठीसाखर व ३ ते ४ अंड्यांचा पांढरा बलक पुरतो. पीठ बोटाएवढे जाड वळून, लोणी लावून रवा भुरभुरलेल्या साच्यांत घालतात व २०० अंश सेल्सियसला सुमारे १० मिनिटे भाजतात. बलक जास्त झाला की कडी पसरून शेजारच्या कड्याला चिकटतात. भाजणी जास्त झाली की ती दगडासारखी होतात. कडक झालेली कडी पावाच्या तुकड्यासह बंद डब्यात ठेवल्यास पुन्हा मऊ पडतात. वाढताना मनोरा उचलून कडी खालून काढतात, त्यामुळे त्याचा आकार शेवटपर्यंत राहतो.

आईवडील, आजीआजोबा व बाप्तिस्म्याचे साक्षीदार भाषणे करतात. ओळखीच्या चालीवर मुलाविषयी रचलेली गाणी छापून वाटतात व सगळे मिळून म्हणतात. भाषणांचा क्रम सूत्रसंचालकाने स्वयंपाकघराला आधी कळवावा लागतो, नाहीतर गरम पदार्थ निवतात. भेट बहुधा रोख असते. कोणी काय दिले याची नोंद त्याच दिवशी ठेवतात, कारण नंतर प्रत्येकाला आभारपत्र जाते.

भारतात : लुथरन परंपरा १७०६ मध्ये आजच्या तमिळनाडूतील त्रांकेबार येथे आली. महाराष्ट्रालगत छिंदवाड्यात स्वीडिश मिशनमधून उभे राहिलेले लुथरन चर्च आहे. महाराष्ट्रातील बरीचशी प्रॉटेस्टंट मंडळी १९७० च्या एकीकरणानंतर उत्तर भारतीय चर्चमध्ये असून तेथे दृढीकरण बिशप देतो, पाळक नव्हे.

सुवर्ण दृढीकरण : विधीला पन्नास वर्षे झालेल्यांना चर्च पुन्हा बोलावते. ही माणसे पासष्टीच्या आसपासची असतात, त्यामुळे काही घरांत नातवाचे दृढीकरण आणि आजी किंवा आजोबांचे सुवर्ण दृढीकरण एकाच वर्षी येते.