कंबोडियातले भूसुरुंगात पाय गेलेले नागरिक

कंबोडियात १९७९ पासून आजपर्यंत भूसुरुंग आणि न फुटलेल्या बॉम्बमुळे ६४ हजारांच्या वर माणसं मेली किंवा जखमी झाली, त्यात मेलेले साधारण १९,८०० आणि जखमी ४५ हजार. यातले खूपसे लोक कधी सैन्यात नव्हतेच, ते शेतकरी, लाकूडफाटा आणायला जंगलात गेलेल्या बायका, गुरं राखणारी पोरं. ही नोंद त्यांच्याबद्दल, म्हणजे पाय गेल्यावर त्यांचं पुढे काय होतं त्याबद्दल आहे.

सुरुंग कोणी पेरले तर सगळ्यांनीच. १९७९ च्या जानेवारीत व्हिएतनामी फौजांनी पोल पॉटचं ख्मेर रूज हे कम्युनिस्ट सरकार पाडलं, त्याची माणसं थायलंडच्या सीमेकडे पळाली, आणि पुढची दहाबारा वर्षं त्या पट्ट्यात मारामारी चालू राहिली. १९८० च्या दशकाच्या मध्यात व्हिएतनामने बसवलेल्या नव्या सरकारने आणि व्हिएतनामने के-५ नावाची योजना काढली, थाई सीमेला लागून सुरुंगांची भिंतच उभी करायची, त्यासाठी गावागावातून वेठबिगारीवर माणसं नेली आणि त्यातली कित्येक मलेरियाने नाहीतर सुरुंगानेच गेली. ख्मेर रूजवाले त्यांच्या बाजूने पेरत होते ते वेगळंच. नकाशे बहुतेक कोणी ठेवलेच नाहीत, ठेवले तरी पावसाळ्यात माती वाहते आणि सुरुंगही जागा सोडतो. ऑक्टोबर १९९१ मध्ये युद्ध थांबवायचा पॅरिस करार झाला, मग थायलंडच्या छावण्यांतून साडेतीन लाखांच्या वर निर्वासित परत आले, आणि त्यांना जी जमीन रिकामी दिसत होती ती रिकामी का आहे हे अनेकांना पाय पडल्यावरच कळलं. १९९६ या एका वर्षात ४,३०० च्या वर लोक मेले किंवा जखमी झाले, तेव्हा युद्ध जवळजवळ संपत आलेलं. अलीकडे वर्षाचा आकडा शंभराच्या खाली आहे.

पाय नेमका कसा जातो हे समजून घेतलं की पुढचं सगळं समजतं. तिकडे खूप सापडणारा चिनी टाइप-७२ हा सुरुंग म्हणजे तळहातात मावेल एवढा डबा, आत ५० ग्रॅमच्या आसपास स्फोटक. त्यात माणूस जागीच मरावा एवढी ताकद सहसा नसते, पाऊल उडवायला मात्र पुरते. स्फोटाबरोबर माती, चपलेचे तुकडे, गवत, स्वतःच्याच हाडांचे तुकडे वर मांडीपर्यंत मांसात घुसतात, म्हणून बाहेरून घोट्यापर्यंत दिसणारी जखम आतून गुडघ्याच्याही वर गेलेली असते. सर्जन अशी जखम लगेच शिवत नाहीत, मेलेलं मांस कापून साफ करायचं, उघडी ठेवायची आणि चारपाच दिवसांनी बंद करायची, घाईने शिवली तर आत सडते. पण ऑपरेशन टेबलापर्यंत पोचणार कसं, बैलगाडी नाहीतर मोटरसायकलवर चार-सहा तास, त्यात कोणीतरी दोरी करकचून बांधलेली असते आणि तासन्‌तास तशीच राहिली की गुडघा वाचला असता तोही जातो. १९९७ नंतर नॉर्वेतल्या डॉक्टरांनी कंबोडियाच्या वायव्येला बट्टंबांगकडे आणि उत्तर इराकमध्ये गावातल्याच लोकांना प्रथमोपचार शिकवले, पाचेक वर्षांत अशा जखमींमधलं मृत्यूचं प्रमाण ४० टक्क्यांवरून १५ टक्क्यांच्या आसपास आलं. मला तरी या सगळ्या विषयातली ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते, कारण यात हेलिकॉप्टर नाही की मोठं हॉस्पिटल नाही.

गुडघा राहिला की नाही यावर उरलेलं आयुष्य ठरतं. गुडघा असेल तर माणूस कृत्रिम पायावर शेत करू शकतो, गुडघ्याच्या वर कापलेला असेल तर चालायलाच कितीतरी जास्त दम लागतो आणि बरेच लोक शेवटी कुबड्यांवरच येतात. उरलेल्या पायाचं, ज्याला सगळीकडे स्टंप म्हणतात त्याचं, दुखणं संपत नाही. दमट हवेत सॉकेटच्या, म्हणजे स्टंप ज्यात बसतो त्या कृत्रिम पायाच्या खोबणीच्या आत घाम साचतो, कातडी सोलते, बुरशी येते, फोड आला की आठवडाभर पाय घालता येत नाही म्हणजे आठवडाभर मजुरी नाही. लहान मुलांचं आणखी वाईट, कापलेलं हाड वाढतच राहतं आणि टोकाने कातडी भोसकून बाहेर यायला बघतं, मग परत ऑपरेशन. आणि नसलेल्या पायाची बोटं दुखतात, आग होते, हे ऐकणाऱ्याला खोटं वाटतं पण खरं असतं. त्यावर आरशाचा उपाय आहे, चांगला पाय आरशात बघून हलवायचा म्हणजे मेंदूला दोन्ही पाय असल्यासारखं वाटतं, ही युक्ती मेंदूतज्ज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी काढली. कंबोडियात ती खेड्यांपर्यंत नेली गेली, कारण तिला औषध लागत नाही.

एकदा पाय बसवला की काम झालं असं लोकांना वाटतं, फोटोही तेवढाच निघतो. मोठ्या माणसाला दर तीन ते पाच वर्षांनी नवा पाय लागतो, वाढत्या मुलाला दर सहा महिन्यांनी, रेडक्रॉसचा हिशोब असा की दहा वर्षांच्या मुलाला आयुष्यभरात पंचवीसेक पाय लागतील. सुरुवातीला सीमेवरच्या छावण्यांत बांबू, लाकूड आणि चामड्याचे पाय बनायचे, १९८२ मध्ये तिथेच फ्रेंच डॉक्टरांनी हँडिकॅप इंटरनॅशनल ही संस्था काढली. आपला जयपूर फूटही तिथे पोचला. १९६८ मध्ये रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी केलेला रबरी पाय, अनवाणी चालता येतं, उकिडवं बसता येतं, चिखलात उतरता येतं. युरोपातला पाय बुटात घालायचा म्हणून बनलेला, भातशेतीत तो काय कामाचा? पुढे रेडक्रॉसची पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची पद्धत आली, सुटे भाग राजधानी नॉम पेन्हमध्येच बनू लागले, १९९४ पासून तिथे पाय बनवणारे तंत्रज्ञ शिकवायची शाळाही आहे. देशात अशी ११ केंद्रं उभी राहिली आणि पाय फुकट मिळतो. पण केंद्रापर्यंतचं गाडीभाडं आणि बुडालेले दिवस फुकट नसतात, म्हणून लोक तुटका पाय तारेने बांधून वापरत राहतात.

पैशाच्या बाबतीत सैनिक आणि नागरिक हा फरक सगळ्यात जास्त बोचतो. सैनिकाची फाइल असते. आपल्याकडेही पुण्यातलं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ मध्ये निघालं ते सैनिकांसाठीच, बाकीच्यांची सोय नंतर. कंबोडियात जखमी सैनिकाला पेन्शन आहे, त्याच शेतात पाय गेलेल्या शेतकऱ्याला ती नाही. १९९९ मध्ये देशाने सुरुंगबंदीचा ओटावा करार मंजूर केला, २००९ मध्ये अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला, मग सरकारी नोकऱ्यांत २ टक्के आणि मोठ्या खासगी कंपन्यांत १ टक्का जागा ठेवायचा नियम आला. पण गावात नोकरीच नाही तर टक्का कशाचा काढणार.

समाज कसा बघतो तर मागच्या जन्मीचं कर्म, हे आपल्याला काही नवीन नाही. बौद्ध विनयाप्रमाणे, म्हणजे भिक्खूंच्या नियमांप्रमाणे, हातपाय तुटलेल्याला भिक्खूची दीक्षाही मिळत नाही आणि तिथे पोराने काही काळ तरी भिक्खू होणं हे आईबापांचं पुण्य समजतात, त्यामुळे हे घरात खूप लागतं. बाईचा पाय गेला तर लग्न जमणं अवघड, झालेलं असलं तरी टिकेल असं नाही. २००९ मध्ये एका नॉर्वेजियन कलाकाराने मिस लँडमाइन नावाची सौंदर्यस्पर्धा ठेवली होती, बक्षीस कृत्रिम पाय. अपंगांच्या इज्जतीला धक्का बसतो म्हणून सरकारने ती बंद पाडली. नाव भडक होतं हे मान्य, पण त्या बायकांना विचारून बंद केली असती तर बरं झालं असतं.

अंगकोरच्या देवळांच्या वाटेवर झाडाखाली चटई टाकून बसलेले वादक दिसतात, पाय बाजूला काढून ठेवलेले, पुढे पाटी असते की आम्ही सुरुंगग्रस्त आहोत, भीक मागत नाही. पर्यटक थांबतात, सीडी विकत घेतात. ज्यांना वाजवता येत नव्हतं त्यातले काही १९९० च्या दशकात नॉम पेन्हच्या बाजारात टोपी घेऊन बसायचे.