यार्डातली रांग आणि लीन मॅन्युफॅक्चरिंग

आमच्या सांगलीकडं गळीत हंगाम सुरू झाला की साखर कारखान्याच्या यार्डात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची भलीमोठी रांग लागते आणि लोक खुशीत म्हणतात, कारखाना जोरात चाललाय! मला मात्र ती रांग बघून पोटात तुटतं. तोडलेला ऊस गप्प बसत नाही, त्यातलं इन्व्हर्टेज नावाचं एन्झाइम सुक्रोज फोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करत राहतं, त्याची दाणेदार साखर होत नाही, वर ऊस वाळून वजनही घटतं.

लीन म्हणजे कामगार कमी करणं, असं आपल्याकडं डोक्यात पक्कं बसलंय. साफ चूक. लीन म्हणजे कामात जे जे वाया जातं ते शोधून काढून टाकणं. टोयोटाच्या ताइची ओनो यांनी कारखान्यात वाया जाणाऱ्या सात गोष्टी सांगितल्या, त्यात एक होती नुसतं थांबून राहणं.

१९६१ मध्ये जॉन लिटल या अमेरिकन प्राध्यापकांनी एक साधा नियम सिद्ध केला: रांगेतली संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबायचा वेळ. समजा यार्डात ३०० गाड्या आहेत आणि तासाला २० रिकाम्या होतात, तर शेवटच्याला १५ तास. पण खरी मेख पुढं आहे. गाड्या कधी पाच एकदम येतात, कधी तासभर एकही नाही, रिकामं व्हायला लागणारा वेळही कमीजास्त. अशा वेळी गव्हाणीवरचा, म्हणजे कारखान्यात ऊस टाकायच्या जागेवरचा, भार क्षमतेच्या ८० टक्के असेल तर सरासरी थांबणं एक गाडी रिकामी व्हायच्या वेळेच्या ४ पट, ९० टक्क्यांना ९ पट, ९५ ला १९ पट! सूत्र म्हणजे भार भागिले (१ वजा भार), ८० टक्के भार म्हणजे ०.८; म्हणजे भार १ कडं सरकला की छेद शून्याकडं जातो आणि रांग आभाळाला भिडते.

मग उपाय काय? यार्डात जागा झाली की मगच शेतात तोडीची स्लिप द्यायची. ओनोंचं कानबन कार्ड, म्हणजे पुढं लागेल तेव्हाच मागून माल मागवायची चिठ्ठी, ती हीच, आणि ही कल्पना त्यांना सुचली अमेरिकेतल्या सुपरमार्केटवरून, तिथं गिऱ्हाईकानं उचललं तेवढाच माल परत फळीवर लागतो.

ओपीडीत सगळ्या पेशंटना सकाळी ९ लाच बोलावलं की तिथंही हेच होतं. सिॲटलच्या व्हर्जिनिया मेसन हॉस्पिटलनं २००२ पासून टोयोटाची पद्धत दवाखान्यात आणली.

आमच्या ओळखीच्या एका वर्कशॉपवाल्यांनी काम अडकतंय म्हणून वास्तूवाल्याच्या सांगण्यावरून दरवाजा पूर्वेला नेला, खर्च झाला, लेथपुढचा ढीग तसाच. त्यापेक्षा दोन मशीनच्या मधे खडूनं चौकोन आखा, त्यात दहाच जॉब मावतील एवढा, आणि तो भरला की मागचं मशीन थांबवा. कुठं अडतंय ते त्याच दिवशी दिसतं.