पावणेअठरा तासांचे वर्ष

कर्क राशीच्या उत्तर भागात '५५ कॅन्क्री' नावाचा एक तारा आहे. त्याची दृश्यप्रत, म्हणजे दिसणाऱ्या तेजाचे माप, जवळपास ६ असल्यामुळे अगदी काळोख्या आकाशात आणि तीक्ष्ण नजरेलाच तो जेमतेम दिसतो. आपल्यापासून ४१ प्रकाशवर्षे अंतरावर असलेला हा तारा सूर्यापेक्षा किंचित लहान, थोडा थंड आणि वयाने बराच मोठा आहे. त्याच्याभोवती आजवर पाच ग्रह सापडले असून त्यांपैकी सर्वांत आतला ग्रह '५५ कॅन्क्री ई' या नावाने ओळखला जातो. २०१५ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ताऱ्याला कोपर्निकस आणि या ग्रहाला यान्सेन अशी नावे दिली. पृथ्वीच्या सुमारे आठपट वस्तुमान आणि दुपटीहून थोडी कमी त्रिज्या असलेला हा ग्रह 'महापृथ्वी' या वर्गात मोडतो.

या ग्रहाविषयी आपण जे काही जाणतो, ते सारे त्याच्या ताऱ्याच्या मध्यस्थीने जाणतो. त्यामुळे ताऱ्याचे निरीक्षण किंवा विश्लेषण करताना झालेली चूक थेट ग्रहाच्या वर्णनात उतरते. यान्सेनच्या बाबतीत असे दोनदा घडले, आणि म्हणूनच त्याची कहाणी मला इतर अनेक ग्रहांच्या कहाण्यांपेक्षा अधिक बोधक वाटते.

ग्रह ताऱ्याभोवती फिरतो तेव्हा तारासुद्धा किंचित डोलतो आणि हे डोलणे त्याच्या वर्णपटातील रेषांच्या सूक्ष्म सरकण्यावरून मोजता येते. या माळेतील एक मोठा ग्रह आपल्या ताऱ्याला सेकंदाला सुमारे ७० मीटर वेगाने मागेपुढे हलवतो, तर यान्सेनमुळे होणारी हालचाल सेकंदाला जेमतेम ६ मीटर आहे. मोठ्या ग्रहांचा परिणाम वजा केल्यावर उरलेल्या या बारीक थरथरीतून २००४ साली ग्रहाचा शोध लागला आणि त्याची एक प्रदक्षिणा २.८ दिवसांची असल्याचे जाहीर झाले.

हा आकडा चुकीचा होता. जमिनीवरच्या दुर्बिणीतून तारा फक्त रात्री पाहता येतो, म्हणजे निरीक्षणे साधारण दिवसातून एकदा होतात. आता समजा, एखादा ग्रह एका दिवसात एक पूर्ण फेरी आणि वर आणखी ०.३६ फेरी मारतो. रोज ठरावीक वेळीच पाहणाऱ्याला ती पूर्ण फेरी कळतच नाही. त्याला ग्रह कालच्यापेक्षा फक्त ०.३६ फेरी पुढे गेलेला दिसतो आणि हिशेब करता एका प्रदक्षिणेला २.८ दिवस लागतात असे उत्तर येते. २०१० साली रिबेका डॉसन आणि डॅनियल फॅब्रिकी यांनी जुनीच निरीक्षणे पुन्हा तपासून हा दृष्टिभ्रम उघड केला. खरा कालावधी ०.७४ दिवस, म्हणजे सुमारे पावणेअठरा तास निघाला. नवे निरीक्षण न करता केवळ निरीक्षणांच्या वेळापत्रकाचा विचार करून हे साधले, हे विशेष आहे.

कालावधी बदलताच ग्रहाचे सारे चित्र बदलले. कक्षा आक्रसली, वस्तुमानाचा अंदाज खाली आला, आणि ग्रह ताऱ्याच्या इतका जवळ असेल तर तो ताऱ्यासमोरून जाताना आपल्याला दिसण्याची शक्यताही बरीच वाढली. २०११ साली कॅनडाच्या मोस्ट उपग्रहाने आणि स्पिट्झर अवकाश दुर्बिणीने हे अधिक्रमण खरोखर टिपले. त्या वेळी ताऱ्याचा प्रकाश दहा हजार भागांत जेमतेम तीन-चार भागांनी कमी होतो. ताऱ्याची त्रिज्या ठाऊक असल्यामुळे या घटीवरून ग्रहाची त्रिज्या मिळाली आणि वस्तुमानाशी तिची सांगड घातल्यावर घनता पृथ्वीपेक्षा थोडी जास्त निघाली. मात्र आठपट वस्तुमानाचा दाब लक्षात घेता, पृथ्वीसारख्याच घटकांचा हा ग्रह असता तर तो याहून अधिक घन असायला हवा होता. त्यामुळे त्यात काही हलके द्रव्यही असावे, अशी शंका तेव्हापासूनच होती.

दुसरी दुरुस्ती ताऱ्याच्या घडणीविषयीची होती. वर्णपटाच्या एका विश्लेषणात कोपर्निकसमध्ये ऑक्सिजनपेक्षा कार्बनचे अणू अधिक असल्याचे दिसले होते. तारा आणि ग्रह एकाच द्रव्यातून बनतात, तेव्हा ग्रहही कार्बनने समृद्ध असू शकेल, असे प्रारूप २०१२ साली मांडले गेले आणि 'हिऱ्यांचा ग्रह' म्हणून त्याची जगभर प्रसिद्धी झाली. पुढच्याच वर्षी अधिक बारकाईने केलेल्या विश्लेषणात कार्बन आणि ऑक्सिजनचे गुणोत्तर ०.८ च्या आसपास, म्हणजे एकाहून कमी आले आणि त्या कल्पनेचा मुख्य आधार ढासळला. हिऱ्यांची प्रसिद्धी मात्र आजही ओसरलेली नाही, याचे वाईट वाटते, कारण या ग्रहाचे वास्तव त्याहून कितीतरी विलक्षण आहे.

यान्सेन आपल्या ताऱ्यापासून केवळ २३ लाख किलोमीटरवर आहे. तेथून पाहिले तर तारा आपल्या सूर्यबिंबाच्या सुमारे साठपट रुंद दिसेल. ग्रहाची एकच बाजू बहुधा कायम ताऱ्याकडे असते आणि त्या बाजूचा खडक वितळून शिलारसाचा समुद्र झालेला असावा. अशा ठिकाणी वातावरण टिकेल, असे फारसे कोणाला वाटत नव्हते. ग्रह ताऱ्याआड गेला की एकूण अवरक्त प्रकाशात जी घट होते, तिच्यावरून तापलेल्या बाजूचे तापमान काढता येते. जेम्स वेब दुर्बिणीने ते १,५०० अंश सेल्सिअसहून थोडे अधिक मोजले, तर उघड्या खडकासाठी अपेक्षा २,२०० अंशांच्या आसपास होती. याचा अर्थ काही उष्णता रात्रीच्या बाजूकडे वाहून नेली जात असली पाहिजे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणांतील वर्णपट कार्बन डायऑक्साइड किंवा कार्बन मोनॉक्साइड असलेल्या वातावरणाशी जुळतो. ग्रहाचे मूळ वातावरण ताऱ्याने केव्हाच उडवून लावले असणार. आताचे वातावरण शिलारसातून सतत बाहेर पडणाऱ्या वायूंनी भरून निघत असावे.

ग्रह ताऱ्याआड गेल्यावर अवरक्त प्रकाशात होणारी ही घटही दर वेळी सारखी येत नाही, हे स्पिट्झरच्या काळापासून लक्षात आलेले आहे. यावर सुचवलेले एक स्पष्टीकरण असे, की शिलारसाच्या वाफेपासून सिलिकेटचे ढग बनतात, ते ताऱ्याचा प्रकाश अडवतात, त्यामुळे पृष्ठभाग निवतो आणि वाफ कमी होते. मग ढग विरले की ऊन पुन्हा थेट शिलारसावर पडते आणि वाफ नव्याने उठू लागते.