जुना संस्कार, नवा प्रतिसाद

सोलापुरातील यंत्रमाग कारखान्यात शेजारच्या कामगाराशी बोलतानाही आवाज चढवावा लागतो, कारण मागांच्या खडखडाटात साधे बोलणे ऐकू जात नाही. लहानपणी चढ्या आवाजामागोमाग मार खाल्लेला एखादा तरुण तेथे चादरी विणू लागला, असे समजू. कोणी ‘कांडी संपली’, म्हणजे आडव्या धाग्याची रीळ संपली, एवढेच ओरडून सांगितले, तरी त्याचा घसा कोरडा पडतो आणि हात थबकतात. येथे धोका नाही हे त्याला ठाऊक असते. परंतु ते आठवण्याआधीच शरीर घाबरून गेलेले असते.

योगसूत्रांवरील व्यासभाष्य सांगते की, वृत्तींमधून, म्हणजे मनात उठणाऱ्या हालचालींमधून, संस्कार म्हणजे मनावर उरणारे ठसे घडतात, संस्कारांतून पुन्हा तशाच वृत्ती उठतात आणि हे चक्र अखंड फिरत राहते. पतंजलींनी क्लेशांच्या, म्हणजे दुःखाला कारण होणाऱ्या मनोविकारांच्या, प्रसुप्त (झोपलेली), तनू (क्षीण), विच्छिन्न (मध्येच दबलेली) आणि उदार (पूर्ण प्रकट) अशा चार अवस्था मानल्या आहेत. ही मांडणी मला फार मोलाची वाटते, कारण भीती दिसत नाही म्हणजे ती गेली, असा समज उपचारातही वारंवार होतो.

रशियन शरीरशास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांना आढळले होते की, विझलेला सशर्त प्रतिसाद (एखाद्या खुणेशी जोडून शिकलेली प्रतिक्रिया) काही काळाने आपोआप परत येतो. म्हणजे जुने शिकणे पुसले जात नाही, नवे शिकणे त्याला अडवून धरते. समाधीतून उपजलेला संस्कार इतर संस्कारांना प्रतिबंध करतो, असे योगसूत्रांच्या पहिल्या पादातील (भागातील) 50वे सूत्र म्हणते. विवेकात खंड पडला की जुन्या संस्कारांतून इतर प्रत्यय, म्हणजे मनात उठणारे विचार, डोके वर काढतात, हेही चौथ्या पादात नोंदवले आहे. म्हणूनच केवळ समुपदेशकाच्या शांत खोलीत केलेला सराव पुरत नाही, तो मागाजवळही व्हावा लागतो.

सन 2000मध्ये करीम नादेर, ग्लेन शाफे आणि जोसेफ लडू यांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की, जागी झालेली भयस्मृती काही काळ अस्थिर असते आणि तिला पुन्हा पक्के व्हावे लागते. माणसांमध्ये मात्र असे निष्कर्ष सर्वत्र सारखे आलेले नाहीत. तरीही भीतीवरील उपचारांतील एक गोष्ट महत्त्वाची आहे: आवाज चढला, मार बसेल असे वाटले आणि तो बसला नाही, हा अपेक्षाभंग त्या तरुणाने भीती जागी असतानाच अनुभवायला हवा.

येथे प्राणायामाबाबत सावध राहावे लागते. श्वास सोडताना हृदयाची गती मंदावते, त्यामुळे दीर्घ उच्छ्वासाने त्या जागी टिकून राहण्यास मदत होते. पण ‘श्वासामुळेच वाचलो’ अशी समजूत झाली, तर मूळची अपेक्षा न तपासताच शिल्लक राहते. पतंजलींना अखेरीस सर्वच संस्कारांचा निरोध अभिप्रेत आहे. मानसोपचाराचे उद्दिष्ट त्याच्या पुष्कळ अलीकडे थांबणारे आहे: त्या तरुणाला हाक ऐकू यावी आणि त्याने कांडी बदलावी.