न खणता भिंत शोधायची तर चार सळया लागतात

पुरातत्त्व म्हटलं की डोळ्यांसमोर कुदळ-फावडं येतं. स्थानिक पुरातत्त्व मंडळात नाव घालायला आलेला माणूस बहुधा पहिला प्रश्न हाच विचारतो: ‘खणायचं कधी?’ उत्तर ऐकून बरेच जण हिरमुसतात. उत्खनन म्हणजे पुराव्याचा नाश. एकदा उकरलेला थर पुन्हा रचता येत नाही. त्यातून बहुतेक देशांत परवाना लागतो आणि निघालेली खापरं धुणं, रेखाटणं, साठवणं, अहवाल लिहिणं हे काम खोदकामाच्या कितीतरी पट वेळ खातं. म्हणून हौशी मंडळांचं बरंचसं काम जमिनीच्या वरच चालतं, आणि ते तसंच चालावं.

त्यातलं सगळ्यात सोपं काम म्हणजे नांगरलेल्या शेतात ओळीनं चालणं. नांगरटीनंतर एक-दोन पाऊस झाले की खापरांवरची माती धुऊन जाते आणि ती नजरेत भरतात. ओळी १० मीटरवर ठेवल्या आणि प्रत्येकानं डावी-उजवीकडे एकेक मीटर पाहिलं, तर शेताचा २० टक्के भाग तपासून होतो. इथे गफलत होते ती माणसांमुळे. एकाला चकाकणारी काचच दिसते, दुसऱ्याला काळी खापरं दिसतच नाहीत. म्हणून ओळी अदलून-बदलून द्याव्यात, नाहीतर नकाशावर वस्तीऐवजी एखाद्याची तीक्ष्ण नजरच उमटते.

पण मंडळाकडे थोडा पैसा आणि चार चिवट सभासद असतील तर खरी मजा रोध-सर्वेक्षणात आहे, म्हणजे जमीन विजेला किती अडवते ते जागोजागी मोजण्यात. ब्रिटनमध्ये रिचर्ड ॲटकिन्सन यांनी १९४६ साली डॉर्चेस्टर-ऑन-टेम्स इथे ही पद्धत पुरातत्त्वात आणली. तत्त्व शाळेतलंच आहे. कोरडी माती विजेची वाहक नव्हे. धारा (वीजप्रवाह) वाहते ती मातीच्या छिद्रांतल्या पाण्यातून, त्यात विरघळलेल्या आयनांच्या मार्फत. दगडी भिंतीत पाणी कमी, म्हणून रोध जास्त. बुजलेल्या खंदकातला गाळ ओल धरून ठेवतो, म्हणून रोध कमी.

मग दोन सळया खुपसून ओहममापी लावला तर? तिथेच गाडं अडतं. सळई आणि माती यांच्या सांध्याचाच रोध शेकडो, कधी हजारो ओहम भरतो. आपल्याला हवा असलेला मातीचा रोध असतो दहा-वीस-तीस ओहम. म्हणून सळया चार. दोन सळयांतून ठरावीक धारा सोडायची, समजा एक मिलिॲम्पियर. यंत्र ती स्थिर राखतं, त्यामुळे तिथला सांधा थोडाफार वाईट असला तरी आकडा हलत नाही. उरलेल्या दोन सळया फक्त विभवांतर (व्होल्टेज) मोजतात. त्या जवळजवळ धाराच ओढत नाहीत, मग त्यांच्या सांध्याचाही प्रश्न मिटतो. धारा एकदिश ठेवली तर सळयांवर आयनांचा थर साचून मोजमाप सरकत जातं, म्हणून ती उलटसुलट करतात. एका प्रचलित यंत्राची वारंवारता १३७ हर्ट्झ आहे. वीजपुरवठा ५० किंवा ६० हर्ट्झचा असतो आणि १३७ त्या दोन्हींच्या पटीत बसत नाही, म्हणून तारांतल्या विजेची गडबड मोजमापात मिसळत नाही.

चारही सळया समान अंतरावर एका ओळीत ठेवल्या तर अरुंद भिंतीची दोन शिखरं दिसतात. त्यापेक्षा जुळी मांडणी बरी: धारेची एक आणि विभवाची एक अशा दोन सळया अर्ध्या मीटरवर एका चौकटीला जोडून फिरवायच्या, आणि तशीच दुसरी जोडी दूर एका जागी रोवून ठेवायची. ‘दूर’ म्हणजे सळयांमधल्या अंतराच्या किमान ३० पट, इथे १५ मीटर. तेवढं अंतर राखलं तर स्थिर जोडीच्या जवळ-लांब असण्यानं येणारी चूक तीन टक्क्यांच्या आसपास राहते.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. जुळ्या मांडणीत रोध म्हणजे रोधकता (मातीचा स्वतःचा गुण, ओहम-मीटरमध्ये) भागिले २π, गुणिले दोन पदांची बेरीज: एक भागिले चौकटीतलं अंतर, अधिक एक भागिले स्थिर सळयांतलं अंतर. माती ५० ओहम-मीटरची आणि दोन्ही अंतरं अर्धा मीटर असतील तर आकडा येतो सुमारे ३१.८ ओहम. तार पुरेना म्हणून स्थिर जोडी हलवली आणि घाईत ती एक मीटरच्या अंतरानं रोवली, की तीच माती २३.९ दाखवते. चौकट जागची हललेली नाही, तरी पाव हिस्सा रोध गायब! नकाशावर मग सरळ रेषेत एक ‘तटबंदी’ उभी राहते. उपाय साधा आहे. हलवण्याआधी एका खुणेच्या जागी नोंद घ्यायची, हलवल्यावर चौकट त्याच जागी ठेवायची आणि जुना आकडा येईपर्यंत स्थिर सळयांतलं अंतर कमी-जास्त करायचं.

आखणी २० मीटरच्या चौकोनांची. दोन्ही कर्ण २८.२८ मीटर भरायला हवेत. फीत वाऱ्यानं फुगली की भरत नाहीत. मीटरला एक नोंद घेतली तर चौकोनात ४००, अर्ध्या मीटरला घेतली तर १,६००. सळया पाच-दहा सेंटिमीटर खुपसल्या की पुरे. त्या टेकल्याच नाहीत तर आकडा उसळतो. तो तिथेच पुन्हा घ्यावा, घरी जाऊन पुसू नये.

हंगामाचंही गणित आहे. महिनाभर मुसळधार पाऊस झाला की भिंतीभोवतीची माती आणि खंदकातला गाळ सारखेच चिंब होतात, फरकच उरत नाही. फार कोरड पडली तर सळया मातीला नीट लागत नाहीत, आणि खंदकातला भराव आधी सुकला तर खंदक उलट जास्त रोधाचाही दिसतो.

या कामाच्या बातम्या ‘जमिनीच्या पोटातला फोटो’ अशा मथळ्यानं येतात. तो फोटो नसतो, रोधाचे आकडे करड्या छटांत रंगवलेले असतात. झाडाची मुळं, जुनी पाइपलाइन, खडीचा रस्ता, सगळं त्यात येतं. दुसऱ्या टोकाला तारा किंवा फांदी हातात धरून भिंती आणि गुप्तधन सांगणारे. डोळे बांधून घेतलेल्या चाचण्यांत त्यांचं यश योगायोगापलीकडे जात नाही. काही मंडळांतही ही हौस टिकून आहे. करमणूक म्हणून ठीक, पण तिची रेषा सर्वेक्षणाच्या नकाशावर काढू नये.

संगणकावरची सफाईही जपून करावी. पार्श्वभूमी सपाट करणारी गाळणी (फिल्टर) जोरात लावली की ठळक भिंतीच्या दोन्ही बाजूंना कमी रोधाची खोटी किनार उमटते आणि कुणीतरी तिला खंदक म्हणतं. म्हणून मूळ आकड्यांची प्रत न छेडता ठेवायची आणि तिच्यासोबत स्थिर सळयांच्या जागा, त्या आठवड्यातला पाऊस, शेतातलं पीक हेही लिहायचं. अर्ध्या मीटरची चौकट साधारण पाऊण ते एक मीटर खोलीपर्यंतच पाहते. त्याखाली जायचं तर अंतर वाढवून एक मीटर करावं लागतं. चित्र मग धूसर होतं आणि अरुंद भिंती विरघळून जातात. ‘इथे काही नाही’ असं अहवालात लिहिताना ही खोली त्याच वाक्यात यायला हवी. एक मीटर पुराच्या गाळाखाली आख्खं गाव असलं तरी ही चौकट वरून कोरीच नोंद देईल.